वादी शाब आणि बिदियाची वाळू: मस्कतला मुक्कामी असाल तर पैसे कुठे टाकावेत

मस्कतला मावशीकडे किंवा काकांकडे सुट्टीत आलेल्या कॉलेजच्या पोरांचा पहिला आठवडा ठरलेला असतो. मुत्राचा सूक म्हणजे जुना बाजार, सुलतान काबूस मशीद, कॉर्निशवरची संध्याकाळ, दोन मॉल. ते उरकलं की फोनवर टूरच्या जाहिराती चाळायला सुरुवात होते, आणि सगळ्यात वर दोनच गोष्टी दिसतात: वादी शाबची (वादी म्हणजे डोंगरातली नदीची घळ) दिवसभराची सहल आणि बिदिया गावाजवळच्या वाळवंटातला एका रात्रीचा कॅम्प. दोन्ही जागा अव्वल आहेत, पण दोन्हींसाठी सारखेच पैसे मोजू नयेत. वादी शाबला पॅकेजची गरज नाही. बिदियाच्या वाळूत मात्र ते घेतलेलं बरं. कारणं खाली आहेत.

वादी शाब

मस्कतहून कुरियात मार्गे सूरला जाणारा 17 नंबरचा हायवे धरायचा. तिवी गावाच्या आधी वादी शाबचा फाटा येतो. अंतर साधारण दीडशे किलोमीटर, वेळ दीड ते पावणेदोन तास. पूर्ण रस्ता डांबरी आहे, त्यामुळे काकांची साधी सेडान बिनधास्त चालते. फोर बाय फोर लागते म्हणून कोणी जास्त भाडं सांगत असेल तर सरळ नाही म्हणा. पेट्रोल लिटरला 230 ते 240 बैसांच्या (हजार बैसा म्हणजे एक रियाल) आसपास आहे, म्हणजे जाऊन-येऊन सहा रियालच्या आत काम होतं. हायवेला वेगमर्यादा 120 आहे आणि रडार कॅमेरे खरोखर चालू असतात. चलन गाडीच्या नावावर येतं, म्हणजे काकांच्या. गाडी तुम्ही चालवणार असाल तर विमा कोणकोणत्या चालकांना लागू आहे ते आधी घरात विचारून घ्या. भाड्याची गाडी 21 वर्षांखालच्याला बहुतेक ठिकाणी देत नाहीत.

गाडी थेट हायवेच्या उड्डाणपुलाखाली लावायची. पार्किंगला पैसे नाहीत, स्वच्छतागृह तिथेच आहे, आणि ते शेवटचं. पुढे काहीही नाही. समोरच पाण्याच्या काठाला छोट्या मोटरबोटी उभ्या असतात. माणशी एक रियाल, त्यात जाणं-येणं दोन्ही. प्रवास जेमतेम दोन-तीन मिनिटांचा, पण टाळता येत नाही, कारण पायवाट पलीकडच्या काठावरून सुरू होते. रोख न्या, तेही सुट्टे. सकाळी सातआठच्या सुमारास बोटी सुरू होतात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास शेवटची फेरी असते. उतरताना बोटवाल्याला परतीची शेवटची वेळ विचारायचीच. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो आणि वेळ बदलते.

पॅकेजवर आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. टूरची गाडी हॉटेलाहॉटेलांतून माणसं गोळा करत निघते, वाटेत बिमाच्या विवराला, म्हणजे पाण्याने भरलेल्या मोठ्या खड्ड्याला, थांबते आणि वादीवर दहा-साडेदहाला पोचते. त्याच वेळी बाकीच्या सगळ्या टूर पोचलेल्या असतात. बोटीला रांग, वाटेवर रांग, आतल्या फटीपाशी तर पाण्यात तरंगत उभं राहायची रांग. शिवाय परत कधी निघायचं ते ड्रायव्हरच्या घड्याळावर. मस्कतहून साडेपाचला निघालात तर पहिल्या-दुसऱ्या बोटीत जागा मिळते आणि अकराला, ऊन चढायच्या आत, तुम्ही परतीच्या वाटेला लागलेले असता. काकांना सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते आणि नेमकी तेव्हाच अर्धं मस्कत इथे असतं. शक्य असेल तर आठवड्यातला दुसरा दिवस काढा. शुक्रवारच जमत असेल तर पहाटे निघण्याला पर्याय नाही.

चाल साधारण पाऊण तासाची. सुरुवातीला खजूर आणि केळीच्या बागा, वाटेलगत फलज, म्हणजे शेताला पाणी नेणारा अरुंद पाट. ओमानमधल्या अशा पाच फलजांना 2006 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. शाबचा पाट त्यांतला नाही, पण पद्धत तीच. या पाटात पाय बुडवायचे नाहीत आणि त्याच्या कडेवर तोल सांभाळत चालायचंही नाही. सिमेंट जागोजागी फुटलेलं आहे आणि पाणी गावाच्या शेताचं आहे. बागा संपल्या की कड्याला लागून कोरलेली वाट, मग गोट्यांचा पट्टा, मग मोठे धोंडे. चढ फारसा नाही. दम लागत नाही, पाय मात्र सतत जागेवर ठेवावे लागतात.

इथले चुनखडीचे दगड हजारो पायांनी घासून आरशासारखे झालेत. कोरडे असतानाही बूट सरकतो, ओले असले तर विचारूच नका. म्हणून चपला, क्रॉक्स, गुळगुळीत तळाचे स्नीकर्स बाद. मऊ रबरी तळ, मागून टाच धरणारे, पाण्यातून निघाल्यावर लगेच निथळणारे बूट हवेत. पातळ 'अ‍ॅक्वा सॉक्स' पोहायला ठीक, पण तळ इतका पातळ असतो की गोट्यांवरून परत येताना तळव्यांची सालं निघतात. घोटा मुरगळण्याचे प्रकार बहुतेक परतीच्या वाटेवर होतात: पोहून पाय थकलेले, बूट ओले, आणि बोट गाठायची घाई. इथून माणसाला उचलून आणायला गाडी येऊ शकत नाही आणि घळीत मोबाइलची रेंज जाते, हे लक्षात ठेवूनच पाऊल टाका.

वाट जिथे संपते तिथे हिरवट निळं पाणी सुरू होतं. लोक सॅक खडकांवर ठेवून पुढे जातात. चोरीची भीती कमी, पण बकऱ्या खाण्याचं काहीही सोडत नाहीत, तेव्हा डबा बंद हवा. पुढचा टप्पा पाण्यातला: एकामागून एक डोह, मध्ये गोट्यांवरून चालायचे तुकडे, पुन्हा डोह. काही ठिकाणी छातीइतकं पाणी, काही ठिकाणी तळ लागत नाही. सावकाश गेलात तर वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटी दोन कातळ जवळजवळ चिकटतात आणि मध्ये एक फट उरते. डोकं पाण्यावर ठेवून, हनुवटी किंचित वर करून, कातळाला हात लावत आत सरकायचं. रुंदी इतकीच की डोकं सरळ ठेवलं तर जातं, आडवं वळवलं तर कान घासतात. दहा-बारा हातांवर फट उघडते आणि आत गुहा, वरून कोसळणारा धबधबा, छतातल्या भेगेतून येणारा उजेड. पाण्याचा आवाज इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं.

फटीत गर्दी झाली की लोक घाबरतात. समोरून कोणी येत असेल तर बाहेरच थांबा, आत दोघांना एकमेकांना ओलांडायला जागा नाही. पाऊस होऊन गेल्यावर पातळी वाढलेली असेल आणि कातळाखाली श्वास घेण्याइतकी जागा दिसत नसेल, तर आत शिरायचं नाही. पाण्याखालून जाऊन पलीकडे निघणारे वीर दिसतील, त्यांचं त्यांच्यापाशी. आत धबधब्याच्या कडेला वर चढायला दोर असतो. त्याचं वय कोणाला माहीत नसतं, म्हणून आधी खाली उभं राहून पूर्ण वजनाने ओढून बघा. 2012 साली रेड बुलच्या क्लिफ डायव्हिंग मालिकेची एक फेरी याच वादीत झाली होती आणि तेव्हापासून उंचावरून उड्या मारायची हौस इथे वाढली आहे. तिथे व्यावसायिक खेळाडू होते, पाण्याची खोली तपासलेली होती आणि पाण्यात सुरक्षा पोहणारे होते. डोहाचा तळ प्रत्येक पुरानंतर बदलतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा व्हिडिओ बघून उडी मारू नका.

पोहता येत नसेल तर? पहिल्या डोहाच्या काठाला उभं राहून डुंबता येतं, तेवढ्यासाठीही जाणं वसूल आहे. पुढे जायचं तर लाइफ जॅकेट हवंच, आणि ते मस्कतहून न्या; तिथे भाड्याने मिळेल या भरवशावर राहू नका. छातीची बकलं लावून कोणालातरी खांद्याचे पट्टे वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर माप मोठं आहे. हवा भरायच्या गळ्यातल्या ट्यूबा म्हणजे खेळणी.

सामानात ड्राय बॅगवर, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पिशवीवर, खर्च करा, दहा ते वीस लिटरची पुरते. तोंड किमान तीन-चार घड्या घालून मगच क्लिप लावायची, आणि आत थोडी हवा ठेवायची म्हणजे बॅग तरंगते आणि पुढे ढकलत नेता येते. फोनच्या प्लास्टिक पाउचमध्ये आधी टिश्यू पेपर घालून मावशीच्या बादलीत अर्धा तास बुडवा. कागद ओला झाला तर पाउच फेका. सगळ्यात महाग पडतो तो गाडीचा रिमोट. खिशात ठेवून पोहलात तर गाडी उघडत नाही, आणि तिवीच्या पुलाखाली दुसरी किल्ली यायला मस्कतहून दीड तास लागतो. पाणी माणशी किमान दोन लिटर. बोट ओलांडल्यावर दुकान नाही. कचरा परत आणायचा.

कपड्यांबद्दल: वाट गावाच्या बागांतून जाते. खांदे आणि गुडघे झाकलेले बरे. पोहताना मुलग्यांनी टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची शॉर्ट, मुलींनी टी-शर्ट आणि लेगिंग्ज घातले की कोणाला वावगं वाटत नाही, आणि दगडावर घसरलं तर कातडीही वाचते.

आता पुराबद्दल, कारण या बाबतीत आपली मुलं हमखास गाफील राहतात. सह्याद्रीत पाऊस डोक्यावर पडत असतो, तो दिसतो. इथे मागच्या डोंगरात पडतो आणि तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं. उघडा कातळ पाणी मुरवत नाही, सगळं एकदम घळीत येतं. पाणी अचानक गढूळ होणं, काटक्या-पानं वाहत येणं, वरून घरघर ऐकू येणं, यांतलं एक जरी झालं तर सामान सोडून बाजूच्या उंच कड्यावर चढायचं. खाली बोटीकडे धावायचं नाही, पाणी तुमच्यापेक्षा जोरात पळतं. ओमानच्या हवामान खात्याचा इशारा असेल तर त्या दिवशी घरीच बसा. तसेही बोटी बंद असतात. वाहत्या वादीत गाडी घालणं हा ओमानमध्ये गुन्हा आहे, दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात. पोलिसांचा आपत्कालीन नंबर 9999.

हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल. मे ते सप्टेंबर पाणी छानच असतं, पण पाऊण तासाच्या त्या उघड्या धोंड्यांवर पारा चाळिशीच्या वर जातो आणि परतीच्या वाटेवर माणसं ढेपाळतात.

परतताना बिमाचं विवर, म्हणजे हवियत नज्म पार्क, हायवेपासून दोन मिनिटांवर आहे. पैसे लागत नाहीत, खाली पाण्यापर्यंत पायऱ्या आहेत, काठावर पाय सोडून बसलं की बारीक मासे तळव्यांना टोचे मारतात. अर्धा तास पुरे. पोहून थकलेल्यांना आणि सोबत आलेल्या मावशीला हे वादीपेक्षा जास्त आवडेल.

वादी शाबला पाचपैकी साडेचार. अर्धा गुण गर्दीचा कापला.

बिदियाची वाळू

शर्किया सँड्स, जुनं नाव वहिबा सँड्स. साधारण साडेबारा हजार चौरस किलोमीटरचं वाळवंट, मस्कतहून दोनशेच्या वर किलोमीटर. 23 नंबरच्या रस्त्याने अल वासिल किंवा बिदियापर्यंत सेडान नेता येते. तिथे गाडी लावायची आणि कॅम्पची फोर बाय फोर तुम्हाला आत नेते. पैसे याच टप्प्याचे द्यायचे आहेत, आणि ते द्यावेत.

कारण साधं आहे. भाड्याने मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांच्या करारात रस्ता सोडून वाळूत गेल्यास विमा लागू नाही असं लिहिलेलं असतं, फोर बाय फोर असली तरी. आणि वाळूत गाडी चालवणं हे घाटात गाडी चालवण्याच्या उलट आहे. टायरमधली हवा 35 पीएसआयवरून 15 ते 18 वर आणावी लागते, म्हणजे टायर चपटा होऊन वाळूवर पसरतो आणि गाडी रुतत नाही. मग ब्रेक दाबायचा नाही, कारण ब्रेक लावला की चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि पुन्हा निघताना चाक तिथेच खणायला लागतं. थांबायचं तर पाय उचलायचा, गाडी आपोआप थांबते, शक्यतो तोंड उताराकडे करून. टेकडीच्या उतारावर तिरकं जायचं नाही, गाडी कलंडते. एकदा मागचं चाक जागेवर फिरू लागलं की आणखी ॲक्सिलरेटर देणारा माणूस गाडी चासीपर्यंत गाडतो. त्यापेक्षा उतरून चाकांपुढची-मागची आणि पोटाखालची वाळू उपसायची, हवा 12 पर्यंत खाली आणायची आणि आलेल्याच चाकोरीतून उलटं बाहेर पडायचं. 12 च्या खाली गेलात आणि जोरात वळवलंत तर टायर रिमवरून सुटतो. कॅम्पचे ड्रायव्हर हे सगळं झोपेत करतात. बिदियात हवा भरायची दुकानं रस्त्यावरच आहेत. स्वतःची गाडी नेलीच असेल तर हायवेला लागण्याआधी तिथे हवा भरायचीच, कमी हवेवर वेगात गेलं तर टायर तापून फुटतो.

बुकिंगआधी कॅम्पला चार गोष्टी विचाराव्यात. बिदियाहून नेण्या-आणण्याचे पैसे दरात धरलेत की वेगळे? टेकड्यांवर गाडी उडवायची फेरी वेगळी आकारतात का? रात्रीचं जेवण आणि नाश्ता दोन्ही आहेत का? जनरेटर किती वाजता बंद होतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर गोलमोल आलं तर दुसरा कॅम्प बघा, कारण रात्रभर घरघर ऐकत तारे बघण्यात अर्थ नाही. तिथी बघून जा, अमावस्येच्या आसपासची रात्र घ्या. वाळवंट म्हणजे कायम गरम असं समजून आलेले लोक डिसेंबर-जानेवारीत रात्री कुडकुडतात; जाकीट आणि कानटोपी न्या. सकाळी बूट झटकून घाला, विंचू आत शिरतो.

गाडी उडवायच्या फेरीला जाण्याआधी दोन तास काही खाऊ नका. गाडी लागत असेल तर पुढची सीट मागून घ्या, लाजू नका. सँडबोर्डिंग कॅम्पमध्ये बहुधा फुकट असतं. फळीला मेण लावून द्या म्हणायचं, नाहीतर ती वाळूला चिकटते. वाऱ्याच्या आडोशाची, तीव्र उताराची बाजू निवडायची. खाली यायला दहा सेकंद, वर चढायला दहा मिनिटं, म्हणून चार फेऱ्यांत पाय बोलायला लागतात. कॅमेऱ्याची लेन्स वाळूत बदलू नका.

बहुतेक पॅकेजमध्ये एखाद्या बदू, म्हणजे वाळवंटातल्या भटक्या जमातीच्या, कुटुंबाकडे थांबणं असतं. काही लोकांना ते नाटकी वाटतं. आम्हाला वाटत नाही. कहवा छोट्या बिनकानाच्या कपात येतो, उजव्या हाताने घ्यायचा, खजुरासोबत प्यायचा. कप रिकामा झाला की यजमान पुन्हा ओततो, नको असेल तर कप मनगटाने किंचित हलवून परत द्यायचा. नुसतं 'नको नको' म्हणत राहिलात तर ओतत राहतात. विणलेल्या वस्तू मांडलेल्या असतात. घेण्याची सक्ती नाही, पण एक-दोन रियालची काहीतरी वस्तू घेतली तर बरं दिसतं.

दुसऱ्या दिवशी परतताना वादी बनी खालिदला वळा. मोठे उघडे डोह, डांबरी रस्ता, उपाहारगृह, चालायला जेमतेम दहा मिनिटं. घरचे मोठे सोबत असतील तर वादी शाबऐवजी हीच वादी.

वाळवंटाला चार गुण, तेही कॅम्प शांत असेल तर.

राहिलेलं थोडं

रास अल जिंझचं कासव अभयारण्य सूरच्या पुढे आहे. अंडी घालायला येणारी हिरवी कासवं वर्षभर येतात, सर्वाधिक उन्हाळ्यात. वाटाड्यासोबतच जाता येतं, फ्लॅशला बंदी. रात्रीच्या फेरीला माणसं जास्त आणि कासव एक असं होतं; पहाटेची फेरी घ्या. जबल अख्दरच्या डोंगरावर काकांची सेडान नेऊ नका, बिरकत अल मौझच्या पोलीस चौकीवरूनच परत पाठवतात, तिथे फोर बाय फोर सक्तीची आहे. जबल शम्सची बाल्कनी वॉक मात्र चुकवू नका: अल खितैमहून निघून कड्याच्या पोटातून सोडून दिलेल्या अस सब गावापर्यंत, एका बाजूला सुमारे दोन तास, पिवळ्या-पांढऱ्या-लाल खुणा दगडांवर रंगवलेल्या. एका बाजूला दरी सरळ तुटते आणि कठडा नाही, त्यामुळे उंचीची भीती असणाऱ्याने पहिल्या वळणावरच ठरवावं.

जेवणाचं म्हणाल तर टूरवाल्यांच्या 'बुफे लंच'पेक्षा हायवेवरच्या कुठल्याही मल्याळी कॉफी शॉपमध्ये थांबा. पराठ्यात चीज आणि 'चिप्स ओमान' नावाचे बटाट्याचे वेफर्स चुरून गुंडाळून मागायचं, सोबत करक, म्हणजे कडक दुधाचा चहा. एका रियालच्या आत पोट भरतं. शुक्रवारी दुपारच्या नमाजाला मात्र ही दुकानं बंद असतात, म्हणून त्या दिवशी अकराच्या आधी किंवा दोननंतर पोचा.